मी आठ विमानं असते

स्वॉनविकला, जिथे पूर्वी स्ट्रॉबेरीचे मळे होते म्हणतात,
तिथे एका बिनखिडकीच्या खोलीत
मी आठ विमानं असते.
साडेनऊपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

लिस्बनचं जडशीळ, म्युनिकचं उतावळं,
एक मालवाहू, त्याला मी मुद्दाम घोगरा आवाज देते.
भिंतीपलीकडे ह्यू प्रॉसर.
एकतीस वर्षं त्यानं खरं आकाश सांभाळलं,
आज नव्या पद्धतीची परीक्षा घ्यायला बसलाय.
की ती त्याची घेतेय, कोण जाणे.

जुन्या पद्धतीत विमानं ताटकळायची,
एकावर एक, हजार हजार फुटांवर,
घिरट्या घालत, इंधन जाळत.
नवीत एक कमान आहे.
तिच्यावरून सावकाश यायचं, बोलावलं की आत वळायचं,
सुईवरून एकेक टाका उतरवावा तसं.

दर दोन मिनिटांनी त्याच्यापुढे दिवा लागतो:
किती ताण? एक ते पाच.
तो दोन दाबतो. दोन. परत दोन.
माझ्याकडे तसलं बटण नाही.

अकरा वाजून सात मिनिटांनी
मॉडेलनं वारा फिरवला.
अंतरं आटत गेली,
माझ्या दोन विमानांना एकाच श्वासात बोलायचं होतं,
आणि तोंडातून गेलं,
"अहो, थांबा जरा."

हेडफोनमध्ये काहीच नाही.
(तीन सेकंद. नंतर अहवालात मोजले ते.)
मग ह्यू, खऱ्या आकाशातल्या आवाजात:
"कोण बोललं? पुन्हा सांगा."
आणि दिवा लागायच्या आधीच
त्यानं चार दाबलं.

बारा वाजता सराव थांबवला.
माझी सहा विमानं अजून हवेतच होती.
ती पडत नाहीत.
नसतात, एवढंच.

दुपारी आलेख आले. विलंब घटलाय, इंधन वाचलंय,
आणि एक ठिपका रांग सोडून, एकटाच वर.
इमोजेन म्हणाली, हा काढून टाकू, हा काही पद्धतीचा दोष नाही.
ह्यू चहाचा कप चिमटीत फिरवत राहिला.
"राहू दे तो," म्हणाला,
"वर रोज कुणीतरी हेच म्हणत असतं.
फक्त नियमातल्या शब्दांत म्हणतं."

नोव्हेंबर. साडेचारलाच अंधार.
गाडीपाशी किल्ली चाचपताना
वरून एक खरं गेलं, साउथॅम्प्टनच्या दिशेनं,
चाकं बाहेर काढलेलं.
झाडांमागे जाईपर्यंत मी बघत राहिले.
ते काही बारा वाजता बंद करता येत नाही.
ते उतरवावंच लागतं.