शेरा

चौदा पौंड. घरच्या काट्यावर सहा किलो तीनशे चाळीस.
आधी वजनच केलं. सवय.
वैधमापनात एकतीस वर्षं काढली मी,
इतवारीत, मस्कासाथेत, कळमन्याच्या अडतीवर
वजनं उलटी करून बुडातलं शिसं पाहिलं.
उईके साहेब, चहा तरी घ्या, म्हणायचे.
घेतला नाही.
आता शर्वरी ढोबळेनं कुणाचा तरी वापरलेला बॉल
माझ्या मांडीवर ठेवलाय, गडद निळा, पोटात लाल धूर.
"काका, नऊ हजार सांगतो तो.
चांगला आहे का, एवढंच सांगा."

एवढंच.

सकाळी दहा. वर्धा रोड. मॉलचं शटर अर्धंच वर.
इम्तियाजनं चौथ्या लेनवर तेलाचं मशीन फिरवलंय,
पहिले चाळीस फूट चकचकीत, शेवटचे वीस कोरडे.
पहिला टाकला. घसरत गेला,
वळायचं आठवलं तेव्हा पिना आल्या होत्या.
दहावी उभी.
पुन्हा टाकला. दहावी उभी.
वहीत लिहिलं: उशिरा वळतो.

दुपारी दोनला तोच बॉल, तीच लेन.
बाहेर सेहेचाळीस, रस्त्यावर चिटपाखरू नाही,
आत एका कंपनीची सगळी माणसं
सकाळपासून एकाच पट्टीवरून टाकताहेत.
तिथलं तेल कधीच पिऊन झालंय.
बॉल अर्ध्यातच मुंडी वळवतो,
पहिल्या पिनेच्या नाकावर बसतो,
आणि मागं चार, सहा, सात, दहा,
दोघी इकडं, दोघी तिकडं,
वाटणी झालेल्या जावांसारख्या.
वहीत लिहिलं: लवकर वळतो.

दोन ओळी, एकीखाली एक. दोन्हींवर माझीच सही.
एखाद्या दुकानात वजन असं सकाळी एक
आणि दुपारी दुसरं भरलं असतं
तर जागेवर जप्त केलं असतं मी.

"बॉलले काहून दोष देता काका,
तेल सरकून रायलं ना," इम्तियाज म्हणाला.
"ही सकाळची लेन नाई रायली."

माझा अंगठाही सकाळचा नव्हता.
दहाला भोकात सैल होता, टेप लावली होती;
उन्हानं सुजला, दोनला टेप काढली.
कचेरीत आमची प्रमाण वजनं असायची,
पितळेची, मखमलीच्या पेटीत.
तीसुद्धा तपासायला पाठवावी लागत.
ती ज्यांच्यावर तपासतात, ती कोण तपासतं,
असं मी एकदा साहेबांना विचारलं होतं.
साहेबांनी घड्याळ पाहिलं.

साडेपाचला वीज गेली.
बॉल लेनखालच्या बोगद्यात अडकला,
जनरेटर धरेपर्यंत आठ मिनिटं.
तेवढी आठ मिनिटं
त्याच्याबद्दल कुणालाच काही म्हणता आलं नाही.

सात वाजता मी पाय हलवले.
दोन फळ्या डावीकडे, मग आणखी तीन,
नजर दुसऱ्या बाणावरून तिसऱ्यावर.
दहाही गेल्या, एकच आवाज,
पत्र्यावर चिंचा पडाव्यात तसा.
पुढच्याला नऊ. त्याच्या पुढच्याला पुन्हा नऊ,
पण वेगळ्या नऊ.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
वजन बरोबर. अंगठ्याचं भोक किंचित मोठं.
तेल असेल तिथं वाट बघायला लावतो,
नसेल तिथं थांबत नाही.
आज संध्याकाळी सातला, पाच फळ्या सरकल्यावर,
माझ्या हातून, चांगला.
मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नये, तडकेल.

शर्वरीनं दोनदा वाचलं.
"म्हणजे घेऊ?"

इम्तियाज मशीन ढकलत आला,
रात्रीच्या खेळाआधी लेन पुसून
पुन्हा तेल द्यायचं होतं त्याला.
लेन ओली होताना आम्ही तिघं बघत राहिलो.

म्हटलं, थांब.
एक टाकून बघू दे.