चौदा किलो सहाशे

सकाळपासून लिराचा भाव तीनदा बदलला.
एकदा कॉफी उकळताना,
एकदा ओतताना,
तिसऱ्यांदा मी पाहिलाच नाही.
घसान पाहतो. दिवसभर त्याचा अंगठा काचेवर,
जपमाळ ओढावी तसा.

अल मीनातल्या या वखारीत
डाव्या भिंतीशी लोखंड, ते पावसात राहिलं तरी चालतं.
उजवीकडे अ‍ॅल्युमिनियम, खिडक्यांच्या चौकटी,
ज्या घरांतली माणसं बोटीनं गेली त्यांच्या.
आणि मागे, कुलपात, तांबं :
दोन टन एकशे चाळीस किलो.
किल्ली माझ्या गळ्यात.
मुनीफ होता तेव्हा त्याच्या गळ्यात होती,
दोरी तीच.

तार येते ती काळी, रबराचं कातडं पांघरून.
पोरं रात्री नदीकाठी जाळतात
आणि सकाळी लालभडक, नागडी आणून टाकतात.
मी विचारते, कुठली?
म्हणतात, भिंतीतली.
भिंत कुणाची, ते मी विचारत नाही.
गावात वीज येते तासभर,
उरलेले तेवीस तास तार नुसती बसून असते.
विजेपेक्षा तार महाग झाली
त्या दिवसापासून हिशोब सोपा झाला
आणि झोप अवघड.

मर्सीनहून नूरीचा फोन.
वदाद हानिम, बोट गुरुवारी भरतेय,
आज दिलंस तर इतके. डॉलर. रोख.
इतके म्हणजे किती, ते सांगत नाही,
तुमच्या कानापर्यंत पोचेतो शिळं होईल.

घसान म्हणतो, वीक. अर्धं तरी वीक.
चीनमध्ये म्हणे घरं बांधायची थांबलीत.
चीनमध्ये माझं कुणी नाही.
तरी तिथल्या कुठल्याशा अर्ध्या इमारतीनं
माझ्या कुलपातलं तांबं हलकं केलं,
ग्रॅमभरही न उचलता.

मुनीफ म्हणायचा, विकलं की पैसा होतो,
आणि पैसा सडतो. तांबं फक्त हिरवं पडतं.
त्याचा बँकेतला पैसा तर सडलाही नाही,
पासबुकात आकडा अजून ताजा आहे,
फक्त खिडकीपलीकडचा माणूस तो देत नाही.
म्हणून मी ठेवते.
पण ठेवलेलं एकदा हातचं गेलं की काय होतं,
तेही मला त्याच खिडकीनं शिकवलं.

दुपारी बेद्रोस उस्ता आला.
पाठीवर पोतं, पोत्यात सात पराती,
काठावर ठोक्यांची नक्षी, खसखशीएवढे ठोके.
नव्याच्या भावात कुणी घेईना, म्हणाला, मोडीत घे.
काटा थरथरला, थांबला :
चौदा किलो आठशे.
मी वहीत तेवढेच लिहायला घेतले
तर त्यानं माझं मनगट धरलं.
कल्हई वजा कर.
कल्हईच्या पैशावर मी जगत नाही.
दोनशे ग्रॅम वजा केले.

पैसे मोजून झाल्यावर विचारलं,
उस्ता, उद्या भाव चढेल की उतरेल?
तो म्हणाला, बाई,
पन्नास वर्षं याला ठोकतोय,
एकदाही काही कबूल केलं नाही यानं.

संध्याकाळी नूरीला फोन केला.
एक टन, म्हटलं.
का एक? घसाननं विचारलं. दोन का नाही, शून्य का नाही?
मला सांगता आलं नाही.
राग होता, त्याचं वजन
साधारण एक टन भरलं.

ट्रक अंधारात आला, अंधारातच गेला.
घसान फोनपाशी झोपला.
तांबडं फुटलं तसा दचकून उठला, पाहिलं.
एरवी त्याच्या तोंडावरून मला भाव कळतो.
आज कळला नाही. मी विचारलंही नाही.

पराती गेलेल्या टनात घालायच्या की राहिलेल्या,
ते रात्री ठरलं नव्हतं,
तशाच पडल्या होत्या काट्यावर.
या काट्याला वीज लागत नाही.
रात्रभर, कुणी न विचारता,
तो चौदा किलो आठशे सांगत बसला होता,
कल्हईसकट.