खडू, किरकोळ खर्च

ऐरोली, सेक्टर आठ. गेटपाशी एक फळा आहे.
पूर्वी त्यावर सुविचार असत
आणि सुविचाराखाली पाणी बंद राहण्याची वेळ.
मग खारकर रिटायर झाले.
ठाणे-बेलापूर रोडवर छत्तीस वर्षं प्रेशर गेज तपासलेला माणूस.
म्हणाले, सुविचार बस्स झाले, कुणी सुधारलं नाही.
आता रोज विज्ञानातली एक बातमी.

मी खजिनदार. खडू माझ्याकडे.

पहिल्या दिवशी: चंद्रावर पाण्याच्या खुणा.
दुपारी खाली मढवींचं तिरकं अक्षर:
आधी सातबारा कोणाच्या नावावर ते बघा.
संध्याकाळी त्याखाली केणी:
सिडकोला सांगू नका. साडेबारा टक्क्यांची आमची फाईल
अजून आजोबांच्या नावानं फिरतेय.

खारकर चिडले. दृष्टिकोन वगैरे म्हणाले.
पण पुसलं नाही, हे मी पाहिलं.

मग थांबेचना.
उंदरांचं म्हातारपण मागे नेण्यात यश.
– मीटर रूममधल्यांना हे आधीच कळलेलं दिसतं.
नवं अणुघड्याळ, कोट्यवधी वर्षांत एक सेकंद चुकणार.
– मग बी विंगच्या वहिनी कुठलं बघून म्हणतात,
रंजना, उशीर झाला?
(सांगितलं रंजनानं, लिहिलं वॉचमन रामसमुझनं,
शुद्धलेखन दोघांचं.)
पृथ्वी फिरताना मंदावतेय, दिवस किंचित लांबतोय.
– ओव्हरटाईम लागू आहे का ते कळावे.
रामसमुझ, नाईट ड्युटी.

एकदा खारकरांनी लिहिलं,
जगाची सगळी माहिती आता ढगात साठते.
त्याखाली फ्रेडी डिसोझा, एसी मेकॅनिक,
फळा संपला तेव्हा चौकटीवर चढून लिहीत गेला:
ढगबिग काय नाय. रस्त्यापलीकडे बिनखिडक्यांची बिल्डिंग आहे.
परवा ढगाचा पंखा जळला, मी बदलला.
आत मरणाची थंडी, मे महिन्यात स्वेटर घालून जातो.
मागच्या बाजूला डिझेलचा टँकर उभा असतो.
ढगाला लाईट गेलेली चालत नाही.
त्या दिवशी कुणी पुढे लिहिलं नाही.
खारकर खाली उतरले, फ्रेडीला चहा पाजला
आणि दोन तास विचारत बसले,
प्रेशर किती ठेवतात? गेज कुठल्या कंपनीचं?

वार्षिक सभेत दामले उभे राहिले.
खडूवर दोनशे सोळा रुपये? आणि लिफ्ट चार महिने बंद!
आदल्याच आठवड्यात फळ्यावर ते पेटीतलं मांजर येऊन गेलेलं,
जिवंतही आणि मेलेलंही.
मागून आवाज आला:
बंद कशी म्हणता? दार उघडून पाहिलंत?
सगळी सभा हसली.
दामले नाही. ते पाचव्या मजल्यावर राहतात.

गेल्या मंगळवारची बातमी:
यंत्राला आता विनोदही कळू लागले.

खाली दिवसभर काहीच नाही.
मढवी दोनदा आले, खडू हातात फिरवला, परत गेले.
रामसमुझ म्हणाला, साहेब, ये तो हमारा काम था.
रात्री नऊला खारकर माझ्या दारात,
मी चुकीची बातमी तर नाही ना लिहिली?
छत्तीस वर्षांत वाफेला न घाबरलेला माणूस.

बुधवारी सकाळी, फळ्याच्या अगदी तळाशी,
जिथे फक्त पहिली-दुसरीतल्यांचाच हात पोचतो:
पाचव्या मजल्यावरच्या आजोबांना हसऊन दाखवा
मग खरं.

दामले जिन्यानं उतरले, दर मजल्यावर थांबत.
चष्मा लावला. वाचलं. आजूबाजूला पाहिलं.
हसले का, ते मला गॅलरीतून दिसलं नाही, पाठ होती.
मग वाकून, गुडघ्यावर हात ठेवून,
'हसऊन'मधला ऊ पुसला, व केला,
आणि दुधाची पिशवी घ्यायला गेले.

खडू त्यांनी माझ्याकडे मागितला नव्हता.
खिशात होता. स्वतःचा.