तीनदा

आप्पांचा चारशेसात
बाणगंगेच्या रेल्वे फाटकामागे दोन वर्षं उभा.
देवासचा माणूस रविवारी बघायला येणार
आणि रिव्हर्स पडत नाही.
पडतो म्हणजे, आधी किंचाळतो,
जात्यात खडा गेल्यासारखा.

ताई, हात नंतर. आधी डोळे, नानूराम म्हणाला.
त्याची मराठी आप्पांकडून उसनी,
चौदा वर्षं क्लीनर होता, भेरूघाटात चढता-उतरता शिकला.
त्यामुळे निम्मी शिव्यांची.
माझ्यासमोर उरलेली निम्मी वापरतो.

डबीचं झाकण उघडलं :
तेल अर्ध्याखाली, रंग काढ्याचा.
मग गाडीखाली सरपटला,
खालच्या सिलेंडरची रबरी टोपी मागे सारून
बोट फिरवून दाखवलं. कोरडं.
नळी चिमटीत दाबून पाहिली, कुठे फुगत नव्हती.
चढा वर. पेडल दाबा, आणि धरून ठेवा.

धरून ठेवलं.
पाय हलवला नाही, शपथ,
तरी ते पायाखालून जात राहिलं,
झोपी जाणाऱ्या मुलाची मूठ
सैल होत जाते तसं.

वरचा सिलेंडर, खालून आवाज आला.
आतली वाटी गेलीय.
तेल पुढे ढकलायचं सोडून
बगलेतून मागे सोडतेय.

मॅट उचललं.
दांडीच्या मुळाशी ओल,
आणि पत्र्यावरचा रंग पोपडे धरून सुटलेला.
हे तेल रंग खातं, तो म्हणाला. चपलाही.

मला आईची फरशी दिसली.
उंबऱ्याच्या आत डाव्या पायाचा तेवढा डाग,
सोड्याने घासायची आणि विचारायची,
ह्यांच्या एकाच पायाला घाम येतो का?

आणि मग ते तीनदा.
गिअरला हात घालण्याआधी आप्पा
पेडल तीनदा दाबायचे, दर वेळी,
फाटकाशी, टोलवर, दारातून निघताना.
आम्हाला वाटायचं एक खजराण्याच्या गणपतीला,
एक रस्त्याला,
तिसरा कुणाला यावर भांडणं व्हायची.
भाऊ पुण्यात ऑटोमॅटिक गाडी चालवतो
आणि अजून निघताना डावा पाय तीनदा आपटतो.
तिथे खाली काही नसतं.
मी बोर्डाच्या प्रत्येक पेपरला
बाकाखाली आपटलाय.

नमस्कार नव्हता तो.
वाटी फाटली होती.

किती वर्षं, नानू?
तो पाना पुसत राहिला,
पुसून झालेला पाना.
आधी पैसे नव्हते, म्हणाला.
मग होते.
पण मग सवय होती.

सियागंजातून किट आणलं, तीनशे दहाला.
मीच गेले; दुकानदाराने दोनदा विचारलं, कुणासाठी.
नानूने सिलेंडरच्या पोटात करंगळी घालून
ओरखडा शोधला, सापडला नाही,
तर थोडा नाराज झाल्यासारखा वाटला.
नवी वाटी तेलात बुडवून, ओठ पुढे करून बसवली.

आता वारा काढायचा. याला दोन माणसं लागतात,
एक वर, एक खाली, एकमेकांना न दिसणारी.
दाबा.
धरा.
नळीतून बाटलीत बुडबुडे, फसफस.
सोडा.
दाबा. धरा. अहो धरा!
सोडा.
कितव्यांदा ते आठवत नाही, पोटरी भरून आली होती,
तेव्हा खालून आवाज यायचा थांबला.
मग नुसतं, बास.

पेडल आता वरच थोपतं.
एकदा दाबलं, रिव्हर्स पडला,
लोण्यात सुरी म्हणतात तसा नाही,
जुन्या गाडीत पडतो तसा, खट्ट करून.

देवासच्या माणसाने चार हजार पाडून घेतले.
क्लच छान आहे, म्हणाला. मी हो म्हटलं.

जुनी वाटी ठेवावीशी वाटली होती.
पण काळी, बुळबुळीत, एका बाजूने चावल्यासारखी;
कुठे ठेवणार, देव्हाऱ्यात?
नानूने ती ड्रममध्ये टाकली.
घरी येऊन हात साबणाने धुतले,
तीनदा,
वास गेला नाही.