नुक्ता

गट नंबर एकशे त्र्याऐंशी.
सातबाऱ्यावर: पोटखराब, सरकार.
नियोजित: ट्रक टर्मिनल, सोळा हेक्टर.
हरकती मागवल्याची नोटीस चावडीवर लावली होती,
आतल्या बाजूने.

गयाबाई लहाने, अर्जदार क्रमांक तीन,
ऑफिसात आल्या त्या दिवशी खुर्चीवर बसल्याच नाहीत.
"खालून नहर जाती, बाई.
कान लावला की कळतं."
मी म्हणाले, कान पुराव्यात घेत नाहीत.
कागद लागेल.

कागद निघाला अंबडला, तहसीलच्या रेकॉर्डरूमात,
निजामाच्या वेळचा.
बस्ता सोडला तशी कडेची पानं
राखेसारखी बोटांना लागली.
नकलेला एकोणीस दिवस.
नक्कल देणाऱ्याला ते वाचता येत नव्हतं,
त्याने चित्राची काढावी तशी झेरॉक्स काढली
आणि "खरी नक्कल" असा शिक्का मारला. उलटा.

ओळ एवढीशी.
सरकारी भाषांतरकाराने वाचलं: बहर-ए-सरकार.
सरकारसाठी.
म्हणजे राखीव. म्हणजे टर्मिनल.

सिराजोद्दीन मास्तर, उर्दू शाळेतून निवृत्त,
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याला तारीख मिळालेली.
भिंग धरून बराच वेळ गप्प बसले.
चहावर साय आली.
मग म्हणाले, नुक्ता बघा.
खाली असला तर बहर,
वर असला तर नहर.
नहर-ए-सरकार. सरकारी नहर.
पण इथं दोन आहेत, वर एक, खाली एक,
आणि अक्षराला लागतो एकच.

दुसरा कुणाचा?
"माशीचा. ऐंशी वर्षांत
एखादी माशी बसणारच ना कागदावर."
आणि माशीचा कोणता?
"मला खालचा वाटतो.
छातीवर हात ठेवून सांगा म्हणाल
तर सांगता येणार नाही."

मी प्रतिज्ञापत्र टाईप करतच होते.
वाटलं, आता म्हणतील, हे आपल्यातच राहू द्या.
ते म्हणाले, हेही लिहा.

रात्री परिच्छेद अकरा मी तीनदा खोडला.
आमच्या जोशात आलेल्या ज्युनिअरने सुचवलं,
"मॅडम, माशी आपण त्यांना सापडू देऊ या."
चौथ्यांदा ठेवला. का, ते नीट सांगता येत नाही.
मास्तर सही करायला पुढच्या सकाळी येणार होते
अंबडहून, साडेसातच्या एसटीने, स्वतःच्या तिकिटावर.

खंडपीठात सरकारी वकील हसले.
"माय लॉर्ड, अर्जदाराची सगळी भिस्त एका माशीवर आहे."
मागच्या बाकावरही हशा.
न्यायमूर्ती हसले नाहीत, पान उलटलं,
परत मागे आले, भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र मागितलं.
त्यात माशी नव्हती.
स्थळपाहणी. कोर्ट कमिशनर. तीन आठवडे.

एप्रिलात तो आला, लातूरचा तरुण वकील,
बूट नवे, पाण्याची बाटली रिकामी.
बाभळीच्या बुडाशी चुन्यात बांधलेलं तोंड,
वर शिळा. चौघांनी सरकवली.
गयाबाईंनी त्याच्या हातात दगड दिला,
स्वतः टाकला नाही. म्हणाल्या, तुम्हीच टाका,
मागून माझं नाव नको.
त्याने टाकला.
शेळ्यासुद्धा थांबल्या असं मी म्हणेन,
पण त्या चरत होत्या.

अहवाल, पान चार:
"आवाज आला. कशाचा, हे निश्चित सांगता येत नाही."

पुढील आदेशापर्यंत जैसे थे.

संध्याकाळी फोन केला.
"जैसे थे म्हंजे कसं?"
जसं आहे तसं, गयाबाई. कुणी काही करायचं नाही.
"आहे तसं, का होतं तसं?"
मी थांबले.
"होतं तसं असंल तर बरंय, बाई.
माझी सासू तिथंच घागर बुडवायची.
मग सोडणारेत का पाणी?"

रेंज गेली.
आदेशाची प्रत समोरच होती.
भिंग मास्तरांकडे राहिलं होतं.