तीन जानेवारी

आमच्या मिशिगनात घरपट्टी घराकडे बघून लागत नाही,
कोण किती वर्षं राहतंय त्यावर लागते.
इर्मा कांगास एकाहत्तर सालापासून त्या घरात,
म्हणून तिला वर्षाकाठी अकराशे चाळीस डॉलर.
घर विकलं की टोपण उडतं.
पुढच्या जानेवारीपासून
तेच छप्पर, तळघरातली तीच ओल,
आणि आमच्या नावावर एकोणचाळीसशे.

वेंडेल रात्रभर रस्त्यावरचा बर्फ हटवतो.
सकाळी सहाला बूट न काढताच
कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर गणित मांडत बसला:
एकोणतीस डिसेंबरला सह्या केल्या तर लगेच नवी पट्टी,
तीन जानेवारीला केल्या तर अख्खं वर्ष जुनीच.
पाच दिवस. दोन हजार सातशे साठ.
"भट्टी नवी येईल," तो म्हणाला.

बँक म्हणाली, व्याजदर महिनाअखेरपर्यंतच बांधलाय,
मुदतवाढीचे चारशे दहा.
वेंडेलने खोडलं. तेवीसशे पन्नास.
एजंट म्हणाली, विचारूसुद्धा नका,
म्हातारीचं सामान अठ्ठावीसला लेकीकडे डुलुथला निघालंय.

भाड्याच्या भिंतीत कधी खिळा न ठोकलेली बाई मी.
चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला
रिकाम्या घरात पाच रात्री थांब म्हणायचं,
हे कुठल्या रकान्यात धरायचं?
खोक्यावर जागा उरली नव्हती.

शेवटी फोन मीच केला.
तिनं ऐकून घेतलं. खोकली. मग हसली.
"घडीची खाट ठेवून घेते.
पाइप गोठू देणार नाही.
सूप मात्र तुम्ही आणायचं, लिओना."

एकतीसच्या रात्री रंगाच्या डब्यांवर बसून
तिघांनी वाटाण्याचं सूप प्यालं.
घर अजून तिचंच होतं,
आणि मी डोळ्यांनी पडद्यांची मापं घेत होते.
तिला ते दिसत होतं.

बारा वाजायच्या आत तिनं आम्हाला कोठीशी नेलं.
दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं
दरवर्षीची घरपट्टी, एकाखाली एक:
एकशे शहाऐंशीपासून निघालेली,
शाळा बांधली तेव्हा चढलेली,
चौऱ्याण्णवला घसरलेली.
एका सालापुढे आकडाच नाही, नुसती रेघ.
"आइनो गेला ते वर्ष," ती म्हणाली.
"भरली होती. लिहायची राहिली."
मग पेन्सिल तिथेच खिळ्याला परत अडकवली.

आता तिथे माझ्या अक्षरात दोन ओळी आहेत.
पहिली तिच्या शेवटच्या ओळीला चिकटून,
जवळजवळ तिचीच वाटावी अशी.
दुसरी लिहिताना टोक मोडलं.
वेंडेल म्हणतो, दाब फार दिलास.

वाचलेले पैसे छपरात गेले.
भट्टी अजून इर्माचीच आहे,
पहाटे सुरू होताना
आधी खोकते.