मोडक्या छत्रीचं वटवाघूळ

सलगम कोरताना दुसरा चमचा वाकला
तेव्हा इनिस म्हणाला, भोपळेवाले सुखी लोक.
इथे, स्कॉटलंडच्या पार वरच्या टोकाला,
त्याच्या घरात अजून सलगमच:
दगडासारखा, हट्टी, आतून पिवळट.

इशबेल फरशीवर फतकल मारून.
छत्रीच्या आठ काड्यांपैकी तीन
बंदरावरच्या वाऱ्याने मोडलेल्या.
तेवढ्या तिने उपटल्या,
काळं कापड मधोमध कापलं,
बाह्यांना सेफ्टी पिना. कान मोज्यांचे,
एक जरा मोठा. "वटवाघळाला चालतं."

खिडकीत जुन्या पडद्याची भुतं,
डोळे कोळशाने काढलेले;
एकाला चुकून हसू आलंय.

सहाला मेणबत्ती लावली.
सलगमचं झाकण आतून भाजू लागलं
आणि घरभर सूप करपल्याचा वास.

पहिलं दार मिसेस गन यांचं.
या गावात खाऊ फुकट मिळत नाही,
काहीतरी करून दाखवावं लागतं.
इशबेल पाठ केलेला विनोद विसरली.
उभी राहिली. मग नुसतेच पंख उघडले.
पिना सुटल्या, टक, टक, पायरीवर.

म्हातारीने दोन मुठी शेंगा दिल्या,
आत गेली,
स्वतःची छत्री घेऊन आली:
"पुढच्या वर्षी ने.
हिची अजून एकच मोडलीय."